हाताचं वळण

कराड,
३ एप्रिल

चि. बयोस,


गोधड्यांचे फोटो मोबाइलवर आले, उत्तर मात्र कागदावर देतेय. एवढं लांब अंगठ्याने लिहायचं म्हणजे माझा अंगठा आणि तुझे डोळे, दोन्ही दुखतील. शिवाय मोबाइलवर वाचलंस की तू लगेच 'हो आत्या' म्हणून मोकळी होशील. ते मला नकोय.

तुझ्या नऊच्या नऊ गोधड्या दोन दिवस पाहत होते. बोटांनी मोठ्या करकरून, टाका न् टाका. धावदोरा सरळ आहे, थर सरकलेले नाहीत, काठ चपखल बसलेत. हात बसलाय तुझा, यात शंका नाही. पण तू विचारलंयस ते वेगळंच. 'सगळं नीट येतं, पण त्यात माझं असं काही दिसत नाही. माझी स्टाइल कशी शोधू?' खरं सांगते, मलाही नाही दिसलं. एकीवर वारल्यांचा तारपा घुमतोय, एकीवर मिथिलेचे मासे, एकीवर गडद निळ्या कापडात पांढऱ्या दोऱ्याची जपानी जाळी. नऊ गोधड्यांत मला नऊ बायका भेटल्या. त्यांत माझी भाची कुठे बसलीय ते काही सापडेना.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, हे तुला माहीत आहे. पहिलीच्या पोरांना कित्ता गिरवायला द्यायचे. फळ्यावर एकच 'क', चाळीस पोरं तोच गिरवायची. त्याच पोरांची चौथीत नाव न घातलेली वही हातात आली, तरी कुणाची ते मला पहिल्या ओळीत कळायचं. एकाचा 'क' पोट पुढे काढून चालायचा, एकीची वेलांटी वाऱ्यावर उडाल्यासारखी मागे जायची, एकजण प्रत्येक शब्दावर शिरोरेघ जरा जास्तच ओढायचा, पुढच्या शब्दाला हात लावल्यासारखी. हे मी शिकवलेलं नव्हतं आणि त्यांनी ठरवलेलंही नव्हतं. चौतीस वर्षांत एकही पोर 'बाई, माझं वळण कसं शोधू?' असं विचारायला आलं नाही. काही पोरं मात्र दर सहामाहीला कुणाचं तरी मोत्यासारखं अक्षर बघून उचलायची. त्यांची वही तेवढी नावाशिवाय ओळखू यायची नाही.

म्हणून मला स्टाइलपेक्षा आपला 'वळण' हा शब्द बरा वाटतो. आणि त्याच्या आधी कित्ता येतो, हे विसरू नकोस.

आता तुझ्या आजीच्या वाकळेची गोष्ट. तू ती पांघरून झोपलीस, पण ती नीट पाहिलीस असं मला वाटत नाही.

घटस्थापनेच्या आधी गावातल्या सगळ्या बायका वाकळा धुवायला कोयनेवर न्यायच्या. एकटीने भिजलेली वाकळ उचलत नाही, दोघी-दोघींनी धरून पिळायची. मग खडकांवर वाळत घालायच्या. दुपारपर्यंत काठ वाकळांनी भरून जायचा. मी लहान होते, आणि मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. त्याच विटकरी, हिरव्या, जांभळ्या चिंध्या, तेच धोतराचं अस्तर, तशाच चौकोनी ओळी. पण शेजारच्या काकूंना लांबून धड माणूस ओळखू यायचं नाही, आणि त्या वरच्या रस्त्यावरून सांगायच्या, 'ती तिसऱ्या खडकावरची तुझ्या आईची.' कशावरून? तर मधल्या लाल ठिगळावरून.

आईच्या प्रत्येक वाकळेच्या मध्यावर इरकलीच्या लाल काठाचा एक चौकोन असायचा. मध्यावर म्हणजे अगदी मध्यावर नाही, डावीकडे जरासा सरकलेला. मला वाटायचं, ती देवाची खूण असेल किंवा नजर लागू नये म्हणून असेल. लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, 'अगं, झोळ झाकायला.'

तुला आता कळेल ते. काठापासून शिवत शिवत आत आलं की थरांमधलं ढिलं कापड पुढे पुढे सरकतं आणि शेवटी मधे गोळा होतं. पहिल्या वाकळेला आईच्या हाताला ताण नव्हता, मधे चांगली मूठभर झोळ आली. उसवायला वेळ नव्हता, सासूबाई बघत होत्या. तिने त्या झोळीची चुणी पाडली, दाबली आणि वर लाल ठिगळ मारलं. आई डावखुरी. बाकीच्या बायकांचा दोरा ज्या बाजूने फिरत जायचा, हिचा त्याच्या उलट फिरायचा, त्यामुळे झोळ यायची तीही डावीकडे. पुढे हात बसला, झोळ यायची थांबली. लाल ठिगळ मात्र राहिलं. तिला त्याशिवाय वाकळ पुरी झालीय असं वाटेचना. आणि कोयनेच्या काठावर तीच तिची सही झाली.

ही गोष्ट मी तुला उगीच सांगत नाही. फोटो मोठे करून पाहताना मला तुझी एक खोड सापडलीय. नऊपैकी चार गोधड्यांत, कोपऱ्याशी आल्यावर तुझी ओळ काटकोनात वळत नाही. ती गोल फिरते, बैल नांगर घेऊन वळतो तशी. पहिल्या दोन ओळी तू ओढून काटकोनात आणतेस, तिसरीपासून परत गोल. आणि पाचव्या फोटोत, उजवीकडे खाली, टाके उसवून पुन्हा घातल्याची भोकं दिसतात. म्हणजे तुलाही ते दिसलंय आणि तू ते चूक म्हणून दुरुस्त केलंस.

बयो, ते उसवू नकोस. पुढच्या गोधडीत ती ओळ जिथे गोल फिरायला बघते तिथे तिला फिरू दे. चारही कोपऱ्यांत फिरू दे. मग बघ, आतली चौकट आपोआप अंडाकृती होत जाईल, मधे निमुळती जागा उरेल. त्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न तुझा एकटीचा असेल. मोबाइलमध्ये त्याचं उत्तर मिळणार नाही.

आता लगेच सगळ्या चुका जपून ठेवायला लागू नकोस. तुझ्या सातव्या गोधडीत दोन ओळींमधलं अंतर चार-चार बोटं आहे. ती खोड नाही, तो आळस आहे. दोन धुण्यांत आतले थर गोळा होतील आणि पांघरणारी तुला शिव्या देईल. गोधडी उबेसाठी असते. जी चूक उबेला किंवा टिकण्याला धक्का लावते ती उसवायचीच. जी फक्त डोळ्याला खटकते, ती दहा वेळा होऊ दे आणि मग ठरव.

वारल्यांच्या गोधडीबद्दल थोडं कडू लिहिते. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस काढणं सोपं दिसतं, म्हणून आज प्रत्येक हॉटेलच्या भिंतीवर, कपावर, उशीवर तो माणूस नाचतोय. त्या समाजात लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, चौकात पालघट देवी. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे पुढे तीच रेघ कागदावर घेऊन आले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहा. सगळा कागद बारीक रेघांच्या जाळ्याने भरलाय, डोळा त्यात अडकतो. आकार सगळ्या वारल्यांचे, पण ते जाळं विणण्याचा धीर त्या एका माणसाचा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्रिकोण काढले म्हणून नव्हे. तू फक्त त्रिकोण घेतलेस. कापडाचे कापून चिकटवलेस आणि कडेने शिवलेस. त्यात त्यांचं काही राहिलं नाही आणि तुझं काही आलं नाही.

मग दुसऱ्याकडून शिकायचंच नाही का? शिकायचं. पण आकार उचलून नाही, ते काम कसं करतात ते बघून. यासाठी मला गोंड चित्रकारांचं उदाहरण फार आवडतं. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचा एक परधान तरुण, जनगढसिंह श्याम. परधान हे गोंडांचे गायक, बाना वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. चित्रकार जगदीश स्वामिनाथन तेव्हा भोपाळच्या भारत भवनासाठी खेड्यापाड्यांतली कला गोळा करवीत होते, १९८२ साली ते भवन सुरू झालं. जनगढ भोपाळला आला आणि गाण्यातले देव कागदावर उतरवायला लागला. देवाच्या, हरणाच्या, झाडाच्या आकारात तो ठिपक्यांच्या रांगा भरायचा. पुढे त्याचे नातेवाईक भोपाळला आले, त्याच्या हाताखाली काम करायला लागले, मोठ्या चित्रांतलं भरण करायला लागले. आणि मग प्रत्येकाने आपापलं भरण धरलं. कुणी बारीक रेघा, कुणी माशाच्या खवल्यांसारखं, कुणी साखळी, कुणी बियांसारखे दाणे. हरीण लांबून सगळ्यांचं सारखं. जवळ गेलं की पोटातल्या भरणावरून जाणकार नाव सांगतात.

आपली गोधडी तरी काय वेगळी आहे? चौकोन सगळ्यांचा, ठिगळं सगळ्यांची, आणि सगळी गोधडी टाक्यांनी भरलेली. तुझ्या नऊ फोटोंत तू सगळी अक्कल ठिगळांवर खर्च केलीस. कुठला रंग कुठे, कुठला आकार कुठे. टाका मात्र नुसता डिंकासारखा वापरलास, थर चिकटवायला. आईच्या वाकळेत टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांतली जागा त्याहून थोडी कमी. शेजारच्या काकूंनी एकदा तिच्या वाकळेला समोरच्या बाजूने हात लावला होता. त्या वाकळेत अजून सांगता येतं, कुठे आई थांबली आणि कुठे काकू सुरू झाल्या. काकूंचा टाका बाजरीएवढा, आणि पाच-सहा टाके झाले की एक लांब. गप्पांच्या ओघात असेल. पन्नास वर्षं झाली, काकू गेल्या, त्यांचा तो लांब टाका तेवढा राहिलाय.

नवे विषय घ्यावेत का, असंही तू विचारलंयस. घे की. मिथिलेच्या चित्रकार गंगादेवींनी वर्षानुवर्षं लग्नाच्या खोलीतलं कोहबर आणि रामकथा काढल्या, आणि कर्करोगाचे उपचार सुरू झाले तेव्हा त्याच बारीक रेघांनी त्यांनी तेही काढलं. आपला आजार, दवाखाना, खाटा, सगळं. रेघ इतकी मुरलेली होती की काहीही समोर आलं तरी ती डगमगली नाही. म्हणजे विषय बदलण्याआधी रेघ मुरायला हवी. तुझी अजून मुरलेली नाही. एवढंच.

आता कापडाबद्दल. तू पुण्याहून 'क्विल्टिंग कॉटन' मागवतेस, वारावर पैसे मोजून. इचलकरंजीत राहून! तुझ्या घराच्या चारी बाजूंना माग खडखडतायत, शर्टिंगच्या चिंध्या किलोवर मिळतात, आणि तू कापड बाहेरून आणतेस. आजीच्या काळी कापड निवडायला कुणाला फुरसत होती? नऊ वारांचं लुगडं जीर्ण झालं की चौपदरी घडी घालायची, सव्वादोन वारांचे चार थर होतात. बरोबर एक माणूस मावेल एवढी लांबी. गोधडीचं माप ठरलं ते लुगड्यावरून. रंगही लुगड्यांवरून ठरले, कारण घरात तीच लुगडी होती. तुझ्या घरात काय आहे? जावईबापूंचे शर्ट आहेत, तुझे विटलेले कुर्ते आहेत, मागावरच्या चौकड्या आहेत. जुनं सुती कापड एकमेकाला धरून बसतं, नवं पॉलिस्टर सुईखाली निसटतं, हे तुला चार दिवसांत कळेल. पण चौकडीच्या शर्टिंगचं काय करायचं हे मला सांगता येणार नाही. मी त्या कापडात वाढले नाही. तू त्यात राहतेस.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीच्या वळणात वसलेली, बेंड म्हणजे वळणच. गुलामांच्या वंशातल्या काळ्या बायका तिथे पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवतात. कापड म्हणजे शेतात घालून झिजलेले कपडे. विजारीच्या गुडघ्याशी पडलेला फिका डागसुद्धा तसाच गोधडीत येतो. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, पांघरून झोपायला. या बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या, आणि लोक मोठ्या चित्रकारांची नावं घेऊन त्यांची तुलना करायला लागले. पण मला त्यातली दुसरीच हकिगत आवडते. १९७२ साली सीअर्स या मोठ्या दुकानाने तिथल्या बायकांना कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं. सगळे एका मापाचे, एका साच्याचे. त्या बायकांनी ते मुकाट्याने केलं आणि उरलेल्या कॉर्डुरॉयच्या चिंध्या घरी नेल्या. त्या चिंध्यांतून रात्री त्यांनी ज्या गोधड्या केल्या त्या आज संग्रहालयांत आहेत.

मला ही हकिगत का आवडते ते सांगते. तू जन्मायच्या आधी मी आणि गल्लीतल्या पाचजणींनी शहरातल्या एका दुकानाची ऑर्डर घेतली होती. बाळाची पंचवीस दुपटी, सगळी गुलाबी, मधे बदाम, ओळी खडूने आखून पट्टीने मोजलेल्या. आम्ही रात्री जागून केली. दुकानदाराने अकरा परत पाठवली, 'एकसारखी नाहीत' म्हणून. पैसे बुडाले ते बुडाले. पण त्यानंतर वर्षभर मी सुई हातात घेतली की आधी पट्टी शोधायचे. टाका आखडला. तुझ्या आजीने एका दुपारी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि चुलीत घातली. लाकडी होती, जळली. तू ऑर्डरी घे, पैसा लागतोच. पण ऑर्डरच्या पंचवीस गोधड्यांमागे एक तरी अशी कर जिचं माप कुणी दिलेलं नाही.

कोपऱ्यात नावाची चिंधी लावू का, असं विचारलं होतंस. लाव, हिशोबाला बरी पडते. त्याने वळण येत नाही.

आता करायचं काय ते ऐक. या पत्राबरोबर आजीची वाकळ पाठवतेय, ती लाल ठिगळाची. मोबाइल दीड महिना दुसऱ्या खोलीत ठेव. ही वाकळ समोर पसर आणि हिच्यासारखी एक कर. तेवढीच लांबी-रुंदी, तेवढेच थर, ओळींत तेवढंच बोटभर अंतर, टाका ज्वारीएवढा, मधे डावीकडे लाल ठिगळसुद्धा. कापड तेवढं तुझं. एकही टाका 'माझा' म्हणून घालायचा नाही. कंटाळा येईल. पंधराव्या दिवशी तुला वाटेल की आत्या म्हातारी झालीय. तरी कर.

ती झाली की दोन्ही घडी करून कपाटात टाक आणि न बघता दुसरी कर, मनाने. मग तिन्ही अंगणात एकीशेजारी एक वाळत घाल, लांब जाऊन उभी राहा आणि जावईबापूंना विचार. त्यांना गोधडीतलं काही कळत नाही, म्हणूनच विचार. आजीची आणि तुझी यांत काय वेगळं दिसतं, एवढंच. ते जे दाखवतील ते वहीत लिहून ठेव आणि मला कळव. मला वाटतं ते कोपरे दाखवतील. पण माझा अंदाज चुकला तर मला जास्त आनंद होईल.

वाकळ धुतलीस तर जपून धू, इरकलीचा लाल अजूनही सुटतो. आणि एकटीने पिळू नकोस, मनगट धरेल.

सोबतच्या डब्यात दाभण आहे आणि आजीचं पितळी अंगुस्तान आहे. ते तुझ्या बोटाला सैल होईल, आत चिंधी घाल.

तुझी
आत्या